हतनूरला पक्षी बघायला ग्रुप न्यायचाय, पहिलीच वेळ आहे. कसं करावं?

मेहरूणची सकाळ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मेहरूण तलावावर रोज सकाळी फिरणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. बहुतेक निवृत्त, काही गृहिणी, दोघं-तिघं दुकानदार. जानेवारीतल्या एका रविवारी हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, चांगदेवच्या संगमाकडे पक्षी बघायला जायचं आमचं ठरलंय. एकूण २८ जण. सगळ्यांत लहान माझी नात, आठ वर्षांची. सगळ्यांत मोठे आमचे एक काका, वय ७४, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे पण यायचंच म्हणून बसलेत. मिनीबस बोलून ठेवलीय.

ही कल्पना माझी, म्हणून जबाबदारीही माझ्यावर आलीय. मध्यंतरी तलावावर एका कॉलेजच्या मुलीने तिची दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कमळपक्षी दाखवला. पानांवरून तो चालत होता, आणि त्याच्या पायाची ती लांबलचक बोटं मला एकेक करून दिसत होती. रोजचाच तलाव, पण मी तिथून हलेना. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला असं एकदा तरी दिसावं, एवढीच माझी इच्छा आहे.

पण घरूनच सुरुवात झालीय. "एवढ्या थंडीत उठून जायचं आणि लांबवर काळे ठिपके बघून यायचं, त्यापेक्षा मोबाइलवर फोटो बघा," असं दोघा-तिघांनी ऐकवलं. त्यात आमच्याकडे दुर्बिणी दोनच. मला विचारायचंय ते असं: किती वाजता पोहोचावं? माहितगार माणूस सोबत घ्यावाच का? नावेतून गेलं तर पक्षी जवळून दिसतील का? आणि थंडीचे दिवस आहेत, तिथेच काठावर भरीत-पुरी करायचा सगळ्यांचा आग्रह आहे, ते चालेल का?

तापीकाठ (भुसावळ)

ताई, मी भुसावळचा. रेल्वेत नोकरी झाली, आता हिवाळ्यातले बरेचसे रविवार हतनूरच्या काठावर जातात. ओळखीपाळखीचे, शाळांचे, बँकवाल्यांचे ग्रुप घेऊन जातो. तुम्ही प्रत्येकाचा विचार करताय हे वाचून फार बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या काळ्या ठिपक्यांचं. पक्षी काळे दिसतात कारण ऊन समोरून येत असतं. सकाळी पूर्वेकडे तोंड करून पाण्याकडे बघितलं तर राजहंससुद्धा कोळशासारखा दिसेल. सूर्य पाठीशी घ्यायचा आणि पश्चिमेकडचं पाणी बघायचं. तेच बदक, तेच अंतर, पण डोक्याचा रंग, चोच, पंखावरचा पट्टा सगळं उमटतं. संगमावर तापी आणि पूर्णा दोन्हीकडे पाणी पसरलेलं आहे, त्यामुळे लोक बसमधून उतरले की जिथे मोकळं दिसेल तिथे उभे राहतात. तुम्ही तसं करू नका. जागा आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन ठरवून या. माहितगार माणसाचं निम्मं काम हेच असतं, पक्ष्यांची नावं सांगणं नंतर.

जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास. तुम्ही साडेपाचला जळगाव सोडा. भुसावळ, वरणगाव करत मुक्ताईनगरच्या अलीकडे चांगदेवकडे वळायचं. उजाडता उजाडता काठावर असाल. सात ते साडेनऊ हा खरा वेळ. त्यानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दुर्बिणीतून सगळं हलतं दिसतं. महिना तुम्ही योग्य निवडलाय. ऑक्टोबरात बदकं येतात तेव्हा नरांची पिसं झडून मादीसारखी मळकट झालेली असतात, भलेभले गोंधळतात. डिसेंबर-जानेवारीत नर पूर्ण रंगात असतात, नवख्या माणसालाही ओळखता येतात.

आता माणसांचं. २८ जण एका माणसामागे नेऊ नका. पुढच्या पाच जणांना दिसतं आणि मागचे गप्पा मारतात. दोन गट करा, दोन वेगवेगळ्या जागी उभे करा, तासाने अदलाबदल. दुर्बिणी किमान सहा-सात जमवा. निसर्ग मंडळाची किंवा कॉलेजची मुलं ओळखीची असतील तर मागून घ्या. ८ बाय ४२ ची दुर्बीण सगळ्यांत सोयीची, आठ पट मोठं दाखवते आणि हात फार थरथरत नाही. कुणाकडे वीस पटीची स्वस्तातली असेल तर ती घरीच राहू द्या, हातात धरून काहीच स्थिर दिसत नाही. एखादा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, तिपाईवर लावायला मिळाला तर मात्र सोनंच. तुमच्या काकांसाठी त्याच्याशेजारी खुर्ची ठेवा, त्यांना एक पाऊलही चालावं लागणार नाही. प्लास्टिकच्या चार-पाच खुर्च्या बसच्या मागे टाकाच.

दुर्बीण लावायला शिकवणं ही गोष्ट लोक सोडून देतात आणि मग "मला काहीच दिसत नाही" असं म्हणत माणूस दुर्बीण पुढच्याला देऊन टाकतो. जायच्या आधीच्या रविवारी मेहरूणवरच सगळ्यांना शिकवा. दोन नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराप्रमाणे जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं करायचं. चष्मेवाल्यांनी रबरी कडा खाली दुमडायच्या किंवा फिरवून आत घ्यायच्या, चष्मा काढायची गरज नाही. उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्यासाठी स्पष्ट करायचं, मग डावा झाकून उजव्या नळीवरची कडी फिरवायची. आणि पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचा. नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की पक्षी हरवला. त्याच दिवशी टिबुकली, वारकरी आणि पाणकावळा एवढे तीन पक्षी सगळ्यांनी ओळखून घ्या. हतनूरला हे तिन्ही भरपूर आहेत, ते आधीच ओळखीचे असले की उरलेल्यांकडे लक्ष जातं.

काठावर गेल्यावर नावांचा मारा नको. मी नवीन ग्रुपला पहिला अर्धा तास एकच काम देतो: कोण कसं खातंय ते बघा. तलवार बदक शेपटी वर करून उभंच्या उभं पाण्यात डोकं खुपसतं, वर फक्त टोकदार शेपूट दिसते. थापट्याची चोच पुढे फावड्यासारखी पसरट असते, ती पाण्याला टेकवून तो पोहत राहतो, आणि पाच-सहा थापटे मिळून गोल गोल फिरत खालचं अन्न ढवळून वर आणतात. मोठी लालसरी बुडी मारून पाणवनस्पती उपटते. नराचं केशरी-तपकिरी गोल डोकं आणि लालभडक चोच एकदा बघितली की विसरत नाही, आणि हतनूर तर या लालसरींच्या मोठ्या थव्यांसाठीच ओळखलं जातं. टिबुकली बुडते आणि भलतीकडेच वर येते. खाण्याची पद्धत लक्षात राहिली की नाव आपोआप चिकटतं. आपलं हळदी-कुंकू बदक मात्र बारमाही इथलं, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके. बायकांना ते एकदा दाखवलं की पुढे त्याच बाकीच्यांना दाखवतात.

चिखलाच्या कडेला शेकाट्या, छोटे चिखले, तुतवार. वर आकाशात लक्ष ठेवा. बोरूच्या गवतावरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून खालून फिरायला लागला की बदकांचा अख्खा थवा उठतो. तो तसा आपसूक उठलेला थवा बघायला मिळणं हे भाग्य. पण टाळ्या वाजवून, दगड मारून, पाण्यात घुसून थवा उठवणारे लोक मी बघितलेत आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. बदकं पुष्कळदा रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावलेली असतात. पट्टकादंब हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, ७,००० मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे. मार्चमध्ये परत तेवढंच जायचं असतं आणि त्या प्रवासाची चरबी याच दोन-तीन महिन्यांत अंगावर चढवायची असते. आपल्या एका फोटोसाठी त्यांना चारदा उठवलं तर ते इंधन इथेच जळतं. हे ग्रुपला बसमध्येच सांगा. काठावर सांगायला गेलात तर उशीर झालेला असतो.

म्हणून नावेबद्दल माझं उत्तर एकच: नको. नाव जवळ गेली की पक्षी उठतात, तुम्हाला जवळून फक्त पाठी दिसतील. शिवाय जीवरक्षक जाकीट नसताना लेकरं आणि म्हातारी माणसं खोल पाण्यात न्यायची नाहीत. आवाज कमी, कपडे मातकट-हिरवे-तपकिरी, पांढरं आणि भडक टाळा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका.

आणि धरणाच्या भिंतीवर, ४१ दरवाज्यांपाशी जायचा हट्ट कुणी धरला तर तिथे परवानगीशिवाय सोडत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. पक्षी बॅकवॉटरच्या उथळ पाण्यात आहेत. हतनूर गाळाने भरत चाललंय ही शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने मोठी काळजीची गोष्ट आहे, पण त्याच गाळाने फुगवट्याला उथळ, गवताळ काठ तयार झालेत आणि बदकांना तेच लागतं.

केळीवाला (ता. रावेर)

वरच्या भाऊंनी सगळं चांगलं लिहिलंय. मी काठावरचा शेतकरी, माझ्याकडून दोन गोष्टी.

पाणी उतरत जातं तशी आम्ही मागे गाळपेर करतो. हरभरा, गहू, कुठे टरबूज. शहरातून येणाऱ्या माणसाला ती मोकळी जमीन वाटते, आणि अख्खा ग्रुप कॅमेरे घेऊन हरभऱ्यातून सरळ पाण्याकडे निघतो. भो, ते पीक असतं. बांधावरून जा, किंवा शेतात माणूस दिसला की विचारा, कुणी नाही म्हणत नाही. उलट कोणते पक्षी कुठे बसतात ते आम्हीच दाखवू. चक्रवाकाची जोडी रोज कोणत्या टेकाडावर उतरते ते माझ्या गड्याला ठाऊक आहे.

दुसरं, गाळाचं. वरून वाळून भेगा पडलेल्या दिसतात, माणसाला वाटतं टणक आहे. खाली गुडघाभर चिखल असतो, कडेला तर त्याहून जास्त. जनावर फसलं तर काढायला चार माणसं लागतात. आठ वर्षांची मुलगी सोबत आहे म्हणालात, तिचा हात सोडू नका. जिथे गुरांच्या पायवाटा आहेत तेवढ्यावरच चाला.

काठावर नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे पडलेले असतात. पाण्यात बुड्या मारणारी पाखरं त्यात अडकून मरतात, मी स्वतः सोडवलीत. तुमच्या २८ जणांनी जाताना प्रत्येकी एक-एक तुकडा उचलून नेला तरी आमच्यावर उपकार होतील. पाण्यात लावलेल्या जाळ्यांना मात्र हात लावू नका, ते भोई लोकांचं पोट आहे.

धुळेकर अप्पा

हतनूरला जाच, पण पुढच्या वर्षासाठी एक सुचवतो. पहिल्यांदाच पक्षी बघणाऱ्या मोठ्या ग्रुपला नांदूर मध्यमेश्वर सोपं पडतं. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूने वन विभागाचं प्रवेशद्वार आहे, निरीक्षण मनोरे आहेत, गावातलेच गाईड मिळतात. आम्ही धुळ्याहून मालेगाव-चांदवडमार्गे पहाटे निघून गेलो होतो.

तिथल्या गाईड पोराची एक पद्धत मला फार आवडली. तो बोट दाखवून "तो बघा, तो बघा" करत नव्हता. आधी सगळ्यांकडून एक खूण पक्की करून घ्यायचा: पाण्यातलं ते वाळकं झाड दिसलं का सगळ्यांना? मग सांगायचा, झाडाच्या डावीकडे दोन हात, बोरूच्या कडेला, जांभळा बगळा स्थिर उभा आहे. आमच्यातल्या सगळ्यात मागच्या माणसालाही दिसला. आणि "दिसला" असं प्रत्येकाने म्हटल्याशिवाय तो पुढच्या पक्ष्याकडे जात नव्हता. त्या सकाळी आम्ही फार पक्षी नाही बघितले, पण जे बघितले ते सगळ्यांनी बघितले. जांभळ्या पाणकोंबडीने एका पायात देठ धरून सोलून खाल्लेला आमच्या घरात अजून सांगितला जातो.

तुमचा माहितगार जो कुणी असेल, त्याला ही खुणेची गोष्ट आधीच सांगून ठेवा.

मेहरूणची सकाळ (जळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय आणि आमच्या ग्रुपवर वाचून दाखवलं. हरभऱ्याचं आणि गाळाचं ऐकून सगळे गंभीर झाले, ते आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. दुर्बिणी पाच झाल्यात, अजून दोन मिळतील. पुढच्या रविवारी मेहरूणवर सराव ठेवलाय.

तापीकाठ भाऊ, अजून दोन प्रश्न. नातीला अडीच तास शांत कसं ठेवावं? तिला मागे ठेवायचं नाहीये, तिच्याचसाठी अर्धा हुरूप आहे. आणि भरिताचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. वांगी बामणोदची सांगून ठेवलीत, त्यामुळे ते रद्द होणं कठीण आहे.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, भरीत रद्द करू नका, फक्त पाण्यापासून लांब करा. तुरकाट्यांचा जाळ, धूर, पातेल्यांचे आवाज आणि २८ माणसांचं हसणं हे काठावर नको. दहाच्या पुढे पक्षी बघणं तसंही संपतं. मग गावाजवळ एखाद्या मळ्यात जा, केळीवाले भाऊ ओळखीचं शेत सांगतीलच. वांगी तिथे भाजा. कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून आणलात तर काम कमी होईल. काठावर फक्त चहाचा थर्मास आणि चिवडा-लाडूसारखं आवाज न करणारं खाणं. वेफर्सच्या पिशव्यांचा चुरचुर आवाज शांत पाण्यावर फार लांब जातो. एकही कागद मागे राहू देऊ नका, आणि उरलेलं खाणं पाखरांना टाकू नका.

नातीला शांत बसवू नका, कामाला लावा. एक वही, पेन्सिल आणि घड्याळ द्या. टिबुकली बुडाली की आकडे मोजायला सुरुवात, वर आली की थांबायचं, वहीत लिहायचं. दहा वेळा केलं की ती तुम्हाला सांगेल सरासरी किती वेळ पाण्याखाली राहते. कवड्या खंड्या दिसला तर अजून उत्तम. तो पाण्याच्या वर एकाच जागी पंख मारत थांबतो आणि मग सरळ खाली सूर मारतो. किती सूर मारले आणि किती वेळा मासा मिळाला, दोन रकाने करायचे. माझ्याबरोबर आलेल्या लेकरांनी हे केलंय आणि मोठ्यांपेक्षा जास्त वेळ टिकलेत.

मोठ्यांनाही मोजायला लावा. थव्यातली दहा बदकं मोजायची, ती नजरेत किती जागा व्यापतात ते लक्षात ठेवायचं आणि तेवढेच गठ्ठे पुढे पुढे मोजत जायचं. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तीत स्वयंसेवक थव्यांचा अंदाज असाच घेतात. तुमचे आकडे, तारीख, जागा आणि वेळ लिहून ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर टाका. नक्की ओळखू न आलेला पक्षी "बदक, ओळखलं नाही" असाच लिहा. अंदाजाने मोठं नाव लिहून ठेवलं तर ते पुढे वर्षानुवर्षं खरं समजलं जातं.

काकांसाठी अजून एक. संगमाकडे उतरायला जमलं नाही तर मुक्ताईनगरच्या अलीकडे हरताळ्याचा तलाव आहे, महामार्गालगत. बस जवळ थांबते, चालणं थोडं. परतीच्या वाटेवर अर्धा तास तिथे काढा. सकाळी त्यांना काही हुकलं असेल तर वारकरी आणि हळदी-कुंकू तरी स्कोपमधून नीट दिसतील.

मी त्या रविवारी मोकळा आहे. माझा स्कोप आणि तिपाई घेऊन येतो, एक गट मी सांभाळतो. दुसऱ्या गटाला ती तुमची कमळपक्षी दाखवणारी मुलगी येते का विचारा. आणि आदल्या दिवशी दुपारी कुणीतरी दोघं माझ्याबरोबर जागा बघायला या, म्हणजे बस कुठे थांबवायची ते चालकाला सांगता येईल. तारीख पक्की झाली की इथेच लिहा.